एका दिवसाच्या कामाची माणसं

भोपाळच्या शिवाजी नगरात रात्रीचा चौकीदार अजूनही शिट्टी वाजवत फिरतो. सहा नंबर स्टॉपवरची गर्दी ओसरली, की सरकारी क्वार्टरांच्या गल्ल्यांतून त्याच्या काठीचा ठक ठक आवाज येतो आणि माणसं निवांत झोपतात. ऑगस्ट 2022 च्या अखेरीस काही रात्री हा आवाज बंद होता. पावणेदोनशे किलोमीटरवरच्या सागर शहरात झोपलेल्या पहारेकऱ्यांची डोकी ठेचून कुणीतरी त्यांचे खून करत होतं. लागोपाठ तीन. चौथा खून थेट भोपाळात झाला, संगमरवराच्या एका दुकानावर पहारा करणाऱ्या माणसाचा. आमच्या गल्लीतल्यांनी चौकीदाराला सांगितलं, फिरू नकोस, दिव्याखाली बस, पण डोळा लागू देऊ नकोस.

2 सप्टेंबरच्या पहाटे पोलिसांनी भोपाळातच एका तरुणाला पकडलं. मिसरूड फुटलेलं पोर. मारलेल्या माणसाचा मोबाइल त्याच्याकडे होता, त्याचाच माग काढत पोलिस पोचले. वर्तमानपत्रांनी त्याआधीच त्याला नाव देऊन टाकलं होतं: स्टोनमॅन. 'केजीएफ' चित्रपटाच्या नायकासारखं नाव कमवायचं होतं, असं त्यानं सांगितल्याच्या बातम्याही आल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "इस पर तो पिक्चर बनेगी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मारले गेलेले चार पहारेकरी कोण, कुठल्या गावचे, त्यांच्या घरी कोण आहे, हे तिथे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. हे प्रकरण लिहायला बसलो ते त्या न विचारलेल्या प्रश्नापायी.

खऱ्या सीरियल किलरवर चित्रपट काढणं हा जगभर कमी पैशांतल्या निर्मात्यांचा आवडता उद्योग आहे, आणि त्याची कारणं साधी आहेत. कथा वर्तमानपत्रात आयती छापून आलेली असते. न्यायालयाचं निकालपत्र कुणालाही वाचता येतं. महागडा नट लागत नाही, कारण खुन्याचं नावच पोस्टरवर नटाचं काम करतं. जागाही थोड्या पुरतात: एक खोली, एक पोलिस चौकी, एक अंधारा रस्ता. आमच्या शिवाजी नगरासारखी वस्ती अशा चित्रपटाला फुकटचा सेट वाटावी. 1956 साली भोपाळ राजधानी झाल्यावर उभी राहिलेली क्वार्टरं, पुढे अंगण, वर जुनी झाडं. 2016 मध्ये स्मार्ट सिटीसाठी ही वस्ती पाडायचं ठरत होतं. लोक झाडांसाठी रस्त्यावर उतरले आणि तो प्रकल्प टी. टी. नगरकडे गेला. कॅमेरा लावला की साठ-सत्तरचं दशक आपोआप उभं राहील, अशा जागा शहरात फार उरलेल्या नाहीत.

पण छोट्या चित्रपटाचा खरा मालक असतो त्याचा दिवसांचा हिशेब. युनिटचं जेवण, गाड्या, कॅमेऱ्याचं आणि दिव्यांचं भाडं हे सगळं दिवसावर चालतं. वीस-पंचवीस दिवसांत शूटिंग आटपायचं, तर मुख्य नटाच्या तारखा सलग घ्याव्या लागतात. बाकीचे लागतील तसे येतात. खुनी जवळजवळ प्रत्येक दृश्यात, तपास करणारा अधिकारी निम्म्या दृश्यांत, आणि ज्याचा खून व्हायचा तो एका दिवसाच्या कामाला. सकाळी यायचं, रंग लावून घ्यायचा, दोन वाक्यं बोलायची, पडायचं, संध्याकाळी पाकीट घेऊन जायचं. पडद्यावरचा वेळही त्याच प्रमाणात वाटला जातो. खुन्याचं बालपण, त्याचं एकटेपण, त्याची नजर यांना दोन तास मिळतात, आणि ज्याचं आयुष्य संपलं त्याला दोन मिनिटं. दिग्दर्शकाच्या मनात काही वाईट असावं लागत नाही. कॉल शीटच, म्हणजे कुणी कोणत्या दिवशी यायचं याचा तक्ताच, चित्रपटाला खुन्याकडे ओढत नेतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1985 साली शिकागोच्या रस्त्यांवर जॉन मॅकनॉटन या तरुण दिग्दर्शकानं 'हेन्री: पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर' हा चित्रपट महिनाभरात, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, सुमारे 1 लाख 10 हजार डॉलरमध्ये चित्रित केला. एका व्हिडिओ कंपनीला दुकानात विकायला भयपट हवा होता, म्हणून पैसे मिळाले. खून दाखवायला पुरेसा पैसा नव्हता. मग सुरुवातीलाच मॅकनॉटननं निपचित पडलेले देह दाखवले आणि त्या चित्रांवर आधी घडून गेलेल्या झटापटीचा नुसता आवाज ठेवला. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि पडद्यावर काहीही हलत नाही. टंचाईतून निघालेली ही युक्ती मोठ्या चित्रपटांनाही सहज साधत नाही. पण याच चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे. मेरी डेमास नावाच्या एकाच नटीनं त्यात तीन वेगवेगळ्या मृत स्त्रिया केल्या आहेत. तीन बायका मेल्या आणि तिघींना मिळून एक चेहरा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो चित्रपट पुन्हा लावून पाहिला. फरक ओळखू येत नाही, कारण आपण तिघींकडे बघतच नसतो. आपण हेन्रीकडे बघत असतो.

ज्याच्यावरून हा हेन्री घेतला, त्या हेन्री ली लुकासनं पोलिसांना शेकडो खुनांची कबुली दिली होती. त्यातल्या बहुतेक कबुल्या खोट्या असल्याचं पुढे उघड झालं. मिल्कशेक, सिगारेट आणि कोठडीबाहेरची सैर मिळते म्हणून तो नवे नवे खून कबूल करत गेला. 1998 मध्ये त्याची फाशीही रद्द झाली. म्हणजे आकडा खुन्याच्या तोंडून आला, आणि चित्रपटांनी, पुस्तकांनी, वर्तमानपत्रांनी तो तसाच पुढे नेला. ज्यांचे खून खरंच झाले होते, त्यांच्या फायली त्याच्या नावावर बंद झाल्या आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले. खुन्याच्या शब्दावर विसंबल्याची किंमत अशी असते.

आपल्याकडे हीच गोष्ट मुंबईत घडली होती. 1965-66 मध्ये मध्य रेल्वेच्या रुळांलगत, पूर्व उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेली माणसं रात्री मारली जात होती. 1968 मध्ये पुन्हा तेच सुरू झालं, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. हत्यार लोखंडी, वाकवलेलं, बोथट. माणसं झोपेतच जात. लोक काठ्या घेऊन पहारे देत, वेडसर दिसणाऱ्या कुणालाही मारहाण होई. तपासाची सूत्रं पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. 27 ऑगस्ट 1968 रोजी ॲलेक्स फियालो या सब-इन्स्पेक्टरनं जवळच्या फोटोवरून एका माणसाला ओळखून धरलं. तो रमण राघव, ऊर्फ सिंधी दलवाई. कोठडीत तो बोलेना. त्यानं कोंबडी मागितली, ती दिल्यावर बोलू लागला, आणि पोलिसांना हत्यार लपवलेल्या जागी घेऊन गेला. त्याच्या कबुलीतला आकडा एकेचाळीसपर्यंत जातो. न्यायालयानं फाशी दिली, त्यानं अपील केलं नाही. उच्च न्यायालयानं मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवली. तो गंभीर मनोरुग्ण असल्याचं निष्पन्न झालं आणि 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजारानं तो मेला.

म्हणजे 1991 मध्ये श्रीराम राघवन यांनी व्हिडिओवर 'रमण राघव' केला, तेव्हा खरा रमण जिवंत होता. हाही चित्रपट एका व्हिडिओ कंपनीसाठीच झाला आणि थिएटरात कधी लागला नाही. वर्षानुवर्षं तो सिनेमाच्या विद्यार्थ्यांत कॅसेटीवर फिरला. रमणचं काम रघुवीर यादव यांनी केलं. ते मूळ जबलपूरचे, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशचे. 'मॅसी साहब'मध्ये त्यांनी केलेला भाबडा कारकून ज्यांना आठवतो, त्यांना रमण पाहताना धक्का बसतो. देह तोच, काटकुळा, कुणाच्याही नजरेत न भरणारा. भीती वाटते ती त्या न भरण्याचीच. मोठा नट घेतला असता तर तो पहिल्याच दृश्यात खुनी वाटला असता. इथे तो गर्दीतून चालत येतो आणि आपल्याला तो उशिरा दिसतो, मुंबईला दिसला तसाच. साधनं तुटपुंजी असल्याचा असा लाभ मी दुसऱ्या कुठल्या भारतीय चित्रपटात पाहिलेला नाही.

पंचवीस वर्षांनी अनुराग कश्यप यांना साठच्या दशकातल्या मुंबईतला रमण राघव करायचा होता. पण 2015 मध्ये 'बॉम्बे वेल्वेट' हा त्यांचा भव्य चित्रपट आपटला, आणि जुन्या मुंबईवर पुन्हा पैसे लावायला कुणी तयार होईना. म्हणून गोष्ट आजच्या मुंबईत आणली गेली. 2016 चा 'रमण राघव 2.0' असा घडला. नवाजुद्दीन सिद्दीकी आणि विकी कौशल, झोपडपट्टीच्या बोळांतून धावणारा कॅमेरा. हा चित्रपट रमण राघववर नाही, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला ते प्रामाणिक वाटतं. पैसे नव्हते म्हणून काळ गेला, काळ गेला म्हणून खरी प्रकरणं गेली, आणि उरलं फक्त नाव. 1968 च्या फुटपाथवरची माणसं या चित्रपटात असूच शकत नव्हती.

आणि नावाचाच मुद्दा आहे. मुंबईतलं प्रकरण आपण खुन्याच्या नावानं ओळखतो, कारण मेलेली माणसं फुटपाथवरची होती. वर्तमानपत्रांनी त्यांचे आकडे छापले. त्यांना विचारायला कुणी आलं नाही. पुण्यात उलट झालं. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा खून झाले. करणारे टिळक रस्त्यावरच्या कलामहाविद्यालयातले विद्यार्थी होते: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा. पहिला बळी त्यांचा स्वतःचा वर्गमित्र. पुणेकर संध्याकाळी सातनंतर दार उघडेनात. तरी मराठी माणसाच्या तोंडी आजही हा खटला 'जक्कल खटला' म्हणून क्वचितच येतो. तो 'जोशी-अभ्यंकर' म्हणून येतो. ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली त्यांच्या नावानं.

अभ्यंकर म्हणजे काशीनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचं व्याकरणमहाभाष्य मराठीत आणलं, त्याचा प्रस्तावनाखंड काशीनाथशास्त्र्यांनी लिहिला. संस्कृत व्याकरणाच्या संज्ञांचा त्यांनी रचलेला इंग्रजी कोश 1961 साली बडोद्याहून निघाला. 1 डिसेंबर 1976 च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात त्यांचा, त्यांच्या पत्नीचा, नातवंडांचा आणि घरकामाला असलेल्या बाईंचा गळा आवळून खून झाला, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. त्या कामवाल्या बाईंचं आडनाव मात्र खटल्याच्या नावात नाही. चांगल्या प्रथेलाही अशी उंबऱ्यावर अडणारी सवय असते, हे नोंदवून ठेवायला हवं.

चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. तीन वर्षांनी राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' आला. मराठी चित्रपटाच्या तेव्हाच्या बेताच्या ऐपतीतला चित्रपट, आणि त्यात नाना पाटेकर. नानांच्या डोळ्यांतला थंडपणा ज्यांनी पाहिला, ते तो विसरलेले नाहीत. पण शीर्षक बघा. लोकांनी खटल्याला बळींचं नाव दिलं होतं. चित्रपटानं ते टोळीतून फुटलेल्या साक्षीदाराला दिलं. नाट्य त्याच्याकडे होतं, म्हणून ते स्वाभाविकच होतं. व्याकरणाचा कोश करणारा म्हातारा पडद्यावर काय करणार? बसून लिहिणार. मला मात्र तेच पाहायला आवडलं असतं. एक मिनिटभर, टेबलावरचा दिवा, आणि एका शब्दाची व्युत्पत्ती शोधणारा हात. त्याला खर्च काहीच नव्हता.

दुसरी वाट मराठीतच कुणी दाखवली असेल, तर ती अमोल पालेकर यांनी, त्यांच्या दिग्दर्शनातल्या पहिल्याच चित्रपटात. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. पिंपळाखालचं गुप्तधन आणि मूल होण्याची आस, यांपायी दिलेले बळी, असं तपासात पुढे आलं. तपासाला पुन्हा रमाकांत कुलकर्णीच गेले होते. सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं ते उत्तमराव बारहाते आणि रुक्मिणी पुढे वरच्या न्यायालयात सुटले. हाताखालच्यांना शिक्षा झाल्या. 1981 चा 'आक्रीत' विजय तेंडुलकरांनी लिहिला, नावं बदलली, आणि खुन्याचं कोडं बाजूलाच ठेवलं. मुकुटराव हा गावातला बडा माणूस, आणि त्याची ठेवलेली बाई रूही. ही रूही चित्रा पालेकर यांनी केली. खून कोण करतंय हे आपल्याला कळत राहतं. प्रश्न असा उरतो की गावाला कळत असूनही गाव गप्प का. पैसा, जात, मूल नसलेल्या बाईची भीती, वाड्याचा दरारा. वेडा माणूस शोधून काढला की बाकीचे सुटतात, ही सोय 'आक्रीत' देत नाही. सुटलेल्या माणसांची खरी नावं घेऊन चित्रपट काढणं अन्यायाचं झालं असतं, आणि नावं बदलल्यामुळेच तेंडुलकरांना गावाबद्दल मोकळेपणानं लिहिता आलं. मानवतवर 2024 मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. ती कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली आहे, आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णी झाले आहेत. ती नीटनेटकी आहे, पण तिचा नायक अधिकारी आहे. गाव पुन्हा मागे गेलं.

आणखी दोन चित्रपटांबद्दल थोडक्यात. 'द स्टोनमॅन मर्डर्स' (2009) हा मनीष गुप्ता यांचा चित्रपट ऐंशीच्या दशकात मुंबईत सायन-किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर झालेल्या खुनांवर आहे. खरा खुनी कधी सापडलाच नाही, म्हणून चित्रपटानं एक निलंबित पोलिस आणि स्वतःचा एक खुनी रचला. के के मेनन यांच्यासाठी तो पाहावा. सागरच्या तरुणाला बातमीदारांनी हेच नाव दिलं. 'पोशम पा' (2019) हा सुमन मुखोपाध्याय यांचा सव्वा तासाचा चित्रपट अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींवर आहे. कोल्हापूर, नाशिक, पुणे या पट्ट्यात लहान मुलं पळवून त्यांना चोरीसाठी वापरणाऱ्या आणि मग मारून टाकणाऱ्या या तिघींना 1996 मध्ये अटक झाली. आई खटल्याआधी तुरुंगात मेली. बहिणींची फाशी, दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे, मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये रद्द करून जन्मठेप दिली. चित्रपटात दोन माहितीपट करणारे बहिणींना तुरुंगात बोलतं करतात. सगळी गोष्ट त्या दोघींच्या तोंडून येते. मुलांच्या तोंडून एक वाक्यही येत नाही, आणि त्या प्रकरणातल्या कित्येक मुलांची ओळखही पटलेली नाही. इतक्या छोट्या चित्रपटातही मला तो सव्वा तास फार लांब वाटला.

आता पुन्हा भोपाळ. शिवाजी नगरातून होशंगाबाद रोडनं निघालं की तासाभरात मंडीदीप लागतं. कारखान्यांचं गाव. तिथला एक शिंपी, आदेश खामरा, सप्टेंबर 2018 मध्ये पकडला गेला. दिवसा कपडे शिवायचा. रात्री साथीदारांसह ट्रकचालक आणि क्लीनर यांच्याशी ओळख करायची, खाण्यापिण्यातून गुंगीचं औषध द्यायचं, मारून आडरानात टाकायचं, आणि मालासकट ट्रक विकायचा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यानं तीसहून अधिक खून कबूल केले. इथेही आकडा त्याचाच. त्याच्यावर लेख आले, व्हिडिओ आले. दिवसा शिंपी आणि रात्री खुनी हे कुणाही निर्मात्याला भुरळ घालणारं आहे. शिलाई मशीन, कात्री, टेप, सगळं एका खोलीत. पंचवीस दिवसांचं काम.

पण त्या ट्रकांचा विचार करा. एक ड्रायव्हर एका राज्यातला, क्लीनर दुसऱ्या, माल तिसऱ्या, प्रेत चौथ्याच जिल्ह्यात. गाडीचा मालक ट्रक हरवल्याची तक्रार देतो. ड्रायव्हरच ट्रक घेऊन पळाला असेल, अशी शंका पहिल्यांदा येते. घरचे लोक महिनोन्महिने फोन लावत राहतात, आणि मेलेला माणूस त्या काळात कागदावर चोर असतो. या माणसांचं दुःख दुहेरी आहे, आणि ते दाखवायला पैसा लागत नाही. एक ढाबा, एक फोन, वाट पाहणारी एक बाई.

आज मध्य प्रदेशात चित्रीकरणासाठी सरकारी अनुदान मिळतं. 'पीपली लाइव्ह' भोपाळजवळच्या बडवई गावात झाला, आणि त्यातही रघुवीर यादव होते. शहरात नाटकाचे तालीमवर्ग आहेत, मोबाइलवर लघुपट करणारी पोरं आहेत, त्यांतली काही मराठी घरांतली आहेत. त्यांच्यापैकी कुणी मंडीदीपवर किंवा सागरवर चित्रपट करायला निघालं, तर माझी एक विनंती आहे. कॉल शीट आखताना शिंप्याच्या तारखांतून चार दिवस काढा आणि ते ट्रकवाल्याच्या घराला द्या. मरणाऱ्या माणसासाठी नट निवडताना प्रत्येकासाठी वेगळा निवडा. श्रेयनामावलीत 'ड्रायव्हर क्रमांक 2' असं लिहू नका, एक नाव द्या, कल्पित का असेना. आणि शूटिंग रात्री शिवाजी नगरात लावलंत, तर आमच्या चौकीदाराला आधी सांगून ठेवा. अंधारात कुणी दगड उचललेला दिसला, तर तो अजूनही घाबरतो.